हॉस्टेलच्या मेसमध्ये रात्री जेवलेल्या बऱ्याच जणांना पहाटे जुलाब. दोषी पदार्थ कसा शोधायचा?

आधी उरलेलं अन्न वाचवा, कारण मेसवाले भांडी घासायला धावतातच. प्रत्येक पदार्थ वेगळ्या स्वच्छ डब्यात, 4 अंशांच्या आसपास ठेवा. फ्रीझरमध्ये नको, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू गोठवल्यावर मरतो आणि तपासणीत सापडत नाही. शौचाचे नमुने अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यावेत. पालिकेचा आरोग्य विभाग आणि अन्न व औषध प्रशासनाला लगेच कळवा.

जेवण ते त्रास हे अंतर बरंच सांगून जातं. 1 ते 6 तासांत उलट्या: स्टॅफिलोकोकस किंवा भातातला बॅसिलस सेरियस. 6 ते 24 तासांत पोटात कळा, जुलाब, पण ताप नाही: बहुधा परफ्रिंजन्स, मोठ्या पातेल्यात हळूहळू थंड झालेली ग्रेव्ही. ताप असेल तर साल्मोनेलाचाही विचार करा.

आणि काय खाल्लं ते ठणठणीत असलेल्यांनाही विचारा; त्यांना वगळणं ही नेहमीची चूक. समजा चिकन खाल्लेल्या 40 पैकी 30 आजारी (75%), न खाल्लेल्या 20 पैकी 2 (10%), तर धोका साडेसातपट. भात सगळ्यांनीच खाल्ला असेल तर या हिशेबातून त्याच्याबद्दल काहीच कळणार नाही. पुन्हा उकळलं होतं, हा बचाव चालत नाही: स्टॅफिलोकोकस आणि बॅसिलसचं उलटी आणणारं विष उकळूनही टिकतं.