वाचकांचे प्रश्न : जेनेट रँकिन आणि युद्धाविरुद्धची दोन मते

प्रश्न : अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार १९२० मध्ये मिळाला. मग जेनेट रँकिन १९१६ मध्येच काँग्रेसवर कशा निवडून आल्या? आणि युद्धाविरुद्ध मत दिल्यामुळे त्यांची जागा गेली, हे खरे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : १९२० च्या घटनादुरुस्तीपूर्वी स्त्रियांना मत द्यायचे की नाही, हे प्रत्येक राज्य आपल्यापुरते ठरवीत असे, आणि या बाबतीत पश्चिमेकडील राज्ये बरीच पुढे होती. मोन्टानाने १९१४ मध्ये हा हक्क दिला. त्यासाठीच्या चळवळीत रँकिन स्वतः आघाडीवर होत्या. दोन वर्षांनी रिपब्लिकन पक्षातर्फे त्या प्रतिनिधीगृहासाठी उभ्या राहिल्या. तेव्हा मोन्टानाच्या दोन जागांसाठी संपूर्ण राज्य हा एकच मतदारसंघ असल्याने दुसऱ्या क्रमांकाची मते मिळूनही त्या निवडून आल्या. त्या काँग्रेसच्या पहिल्या महिला सदस्य होत.

२ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी आपली जागा घेतली आणि त्याच रात्री अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी केली. ६ एप्रिलच्या पहाटे ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. विरोधातील ५० पैकी ४९ मते पुरुषांची होती, तरी टीकेचा रोख प्रामुख्याने रँकिन यांच्यावर राहिला. त्यांच्या मतामुळे मताधिकाराच्या मागणीला धक्का बसेल, असे चळवळीतील काही सहकाऱ्यांनाही वाटले.

त्या मताने त्यांचे नुकसान झाले, हे नाकारता येणार नाही. पण जागा जाण्याचे जवळचे कारण आमच्या मते वेगळे आहे. मोन्टानाच्या विधिमंडळाने राज्याचे दोन मतदारसंघ पाडले आणि रँकिन यांच्या वाट्याला डेमोक्रॅटिक पक्षाचा जोर असलेला पश्चिम भाग आला. त्यातच जून १९१७ मध्ये ब्यूट येथील खाणीच्या आगीत १६८ कामगार दगावल्यानंतर त्यांनी खाणकामगारांची बाजू घेतली होती, आणि तांब्याच्या खाणमालकांचे त्या राज्यातील वजन मोठे होते. निवडून येण्याची आशा उरली नसल्याने त्यांनी १९१८ मध्ये सिनेटची उमेदवारी मागितली. पक्षांतर्गत निवडणुकीत त्या हरल्या. पुढे एका छोट्या पक्षातर्फे लढूनही तिसऱ्या क्रमांकावर राहिल्या.

आपले विधान दुसऱ्या खेपेला अधिक लागू पडते. १९४० मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, जपानविरुद्धच्या ठरावावर ३८८ विरुद्ध १ असे मतदान झाले, आणि ते एक मत रँकिन यांचे होते. संतप्त जमावापासून वाचण्यासाठी त्यांना टेलिफोनच्या खोपटात शिरावे लागले आणि पोलिसांनी त्यांना कार्यालयात पोहोचवले. १९४२ मध्ये त्या उभ्याच राहिल्या नाहीत.

जाता जाता, आपण विचारलेले नसले तरी, एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. गांधीजींच्या अहिंसक प्रतिकाराचा अभ्यास करण्यासाठी १९४६ ते १९७१ या काळात त्या सात वेळा भारतात येऊन गेल्या. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या हजारो स्त्रियांच्या मोर्चाचे नेतृत्वही त्यांनी केले.