केसपेपरच्या मागची वेळ

‘सगळे ठीकठाक असताना मन का लागत नाही, आणि जे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा असे कोणी सांगितले की उलट चीड का येते?’ निवृत्तीनंतरच्या वर्षा-दोन वर्षांत माझ्याकडे येणारी बरीच माणसे हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. लातूरच्या एका गृहस्थांची हकिकत त्याला धरून सांगतो. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

हे गृहस्थ एस.टी.त वाहक होते आणि 58 व्या वर्षी निवृत्त झाले. घर स्वतःचे, मुलगा पुण्यात नोकरीला, तपासण्या सगळ्या ठीक. तरी पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधडायचे आणि ‘एवढ्यांसाठी एवढे केले, आता कोणी फोनसुद्धा करत नाही’ हा एकच पाढा दिवसभर चालायचा. पहिल्या भेटीत मी नैराश्याची चाचपणी केली, कारण उदासी, झोप-भूक उडणे, जगण्यात अर्थ न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि मग बाकीचे सारे. (मरणाचे विचार येत असतील तर तेवढीही वाट पाहू नये; 14416 या ‘टेली-मानस’ क्रमांकावर कधीही बोलता येते.) यांचे दुखणे तितके खोल नव्हते.

पुढची चूक माझी. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, असे मी सांगून टाकले. पंधरा दिवसांनी त्यांनी वही पुढे केली, तर प्रत्येक पानावर ‘देवाची कृपा, तब्येत, कुटुंब’, शुद्धलेखन घातल्यासारखे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील एका प्रयोगात आठवड्यातून एकदाच पाच गोष्टी लिहायच्या होत्या, आणि तेवढ्यानेही त्या लिहिणारे लोक कटकटी नोंदवणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी आढळले. मग मीही बदल केला: आठवड्याला एकच माणूस, एकच प्रसंग, आणि त्या माणसाला त्यासाठी काय सोसावे लागले तेही लिहायचे.

तिसऱ्या आठवड्यात ते एक पान घेऊन आले. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर काही दिवसांनी ते किल्लारीच्या बाजूच्या गाडीवर होते, सकाळपासून पोटात काही नव्हते, आणि घर पडलेल्या एका म्हातारीने पदराची गाठ सोडून आपल्याजवळची भाकरी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली होती. ‘तिच्याजवळ तेवढीच होती हो,’ एवढे म्हणून ते बराच वेळ गप्प बसले. तीस वर्षे वे-बिल, म्हणजे वाहकाचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळवलेल्या माणसाच्या मनातही एक हिशेब चाललेला असतो, आणि त्यात जमेची बाजू कोरी धरलेली असते. ‘कृपा’ या मोघम शब्दाने ती भरत नाही, अर्ध्या भाकरीने भरते.

सेवेचा विषय मी काढला तेव्हा ते हसले. ‘नाथांनी काशीची गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली, पण माझ्याजवळ कावड कुठं आहे?’ कावड होती. सरकारी रुग्णालयात खेड्यापाड्यातून आलेली माणसे केसपेपरच्या खिडकीपासून सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत भांबावून फिरतात, हे त्यांनी पाहिले होते. ते तिथे उभे राहू लागले आणि प्रत्येकाला गाव विचारून त्याच्या केसपेपरच्या मागे परतीच्या गाडीची वेळ लिहून देऊ लागले: रेणापूर, अहमदपूर, निलंगा. वेळापत्रक न बघता.

उत्साहात ते आठवड्याचे सहाही दिवस जाऊ लागले आणि महिन्याभरात घरी चिडचिड सुरू झाली, म्हणून आम्ही मंगळवार आणि शुक्रवार एवढेच ठेवले. स्वतः निवडलेली आणि जिचा उपयोग डोळ्यांना दिसतो अशी सेवा माणसाला उभारी देते. गळ्यात पडलेली सेवा त्याला पिळून काढते. म्हणूनच दिवसभर घरातल्या आजाऱ्यांचे करून थकलेल्या सुनेला मी कधीही ‘सेवा करा, बरे वाटेल’ असे सांगत नाही. तिला सांगायचे ते तिच्या नवऱ्याला सांगतो.

याच संदर्भात त्यांच्या पत्नी एकदा सोबत आल्या असताना शांतपणे म्हणाल्या, ‘पहाटेच्या गाडीसाठी तीन वाजता उठून डबा केला, त्याचं पान कुठल्या आठवड्यात येणार?’ त्यांना उत्तर सुचले नाही. आपल्याकडे नवरा बायकोचे आभार मानत नाही, आणि मानले तर दोघेही अवघडतात, त्यामुळे मीही तसे सुचवले नाही.

पुढच्या भेटीत बाईंनीच सांगितले: पहाटे तीनला जाग येते ती अजून येतेच, पण नळाला पाणी यायच्या दिवशी आता हेच उठतात, मोटार लावतात, रांजण-घागरी भरून ठेवतात आणि मला उठवत नाहीत.