अटल टिंकरिंग लॅबमध्ये मुलं काय करतात? मुलगी सहावीत आहे, कोडिंग येत नाही; पाठवू का?

हो, नक्की पाठवा. ही लॅब सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच असते आणि सुरुवातीला कोडिंग यावंच लागत नाही. मी शाळेतली अशीच लॅब सांभाळते. मुलं आधी डोळ्यांसमोरची अडचण निवडतात. सुट्टीत कुंड्या वाळतात ना, मग मातीत ओलाव्याचा सेन्सर, सोबत अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), रिले (त्याच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) आणि छोटा पंप. सेन्सरच्या पट्ट्या काही आठवड्यांत गंजतात; मग करंट सतत नाही, फक्त मोजतानाच सोडायचा, हे मुलं स्वतः शोधून काढतात. खरं शिक्षण इथेच होतं. मात्र लॅब आठवड्यातून किती तास उघडी असते, हे आधी विचारा. केंद्राकडून शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, तरी काही ठिकाणी थ्रीडी प्रिंटर फक्त पाहुण्यांना दाखवायला ठेवलेला असतो.