गोळी थांबली, बधिरपणा राहिला

"ताई, दीड वर्ष एस्सिटालोप्रॅम घेतलं. उदासी गेली. डॉक्टरांना विचारूनच हळूहळू बंद केलं, त्याला आता आठ महिने झाले. पण इच्छा परतली नाही आणि खालचा भाग बधिर वाटतो. डॉक्टर म्हणतात, 'औषध केव्हाच अंगातून गेलं, हे तुमच्या मनातलं.' बायकोला वाटतं, माझं तिच्यावरचं मन उडालं. खरंच माझ्या मनाचे खेळ असतील का?"
– वय 34

तुमच्या पत्रातला 'बधिर' हा शब्द मी दोनदा वाचला. उदासीत इच्छा मरते, पण स्पर्श कळेनासा होणं ही सहसा उदासीची खूण नव्हे. अशा तक्रारींना पीएसएसडी (उदासीवरच्या अशा गोळ्या थांबल्यावरही उरणारा लैंगिक त्रास) असं नावही आहे. 2006पासून त्यांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येत आहेत. गोळी बंद केल्यावरही लैंगिक त्रास राहू शकतो, ही सूचना माहितीपत्रकात छापायला युरोपच्या औषध नियामकाने 2019मध्ये सांगितलं, 2021मध्ये कॅनडानेही तशी दखल घेतली. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच दाखवा, वाद नको. तरीही उडवून लावलं, तर दुसरे डॉक्टर गाठा.

नेमकं कारण अजून सापडलेलं नाही, हमखास उपायही नाही. काहींना हळूहळू फरक पडतो, काहींचं रेंगाळतं. म्हणून आधी टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉइड ही संप्रेरकं (हार्मोन्स) आणि साखर तपासून घ्या. त्यात काही निघालं तर त्यावर उपचार आहेत. ताकदीच्या जाहिरातबाज गोळ्यांवर मात्र पैसे घालवू नका. सिल्डेनाफिलवरही (व्हायग्रातलं औषध) फार भिस्त ठेवू नका : ताठरता येईल कदाचित, पण हरवलेला स्पर्श त्यातून मिळत नाही.

आणि बायको. आठ महिने ती तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ लावते आहे, आणि माणूस अशा वेळी वाईटच अर्थ लावतो! "तू नको आहेस असं नाही, मला स्पर्शच कळत नाही," हे तिला याच शब्दांत सांगा. रात्री अंथरुणात नको, दिवसा, चहा पिताना. जमलं तर डॉक्टरांकडे तिलाही न्या.

(हे वाचून कुणी चालू गोळी एकदम सोडू नये. गोळी चालू असतानाचा असा त्रास बराच आढळतो; डोस किंवा औषध बदलून अनेकदा कमी होतो.)

उदासी पुन्हा डोकावली तर अंगावर काढू नका. जगणं नको वाटलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. नव्या डॉक्टरांना हा अनुभव सगळ्यात आधी सांगा. उदासीवरच्याच बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन अशा औषधांत लैंगिक त्रास तुलनेने कमी दिसतो.