बोललेले दोन हजार

"मावशी, सलाम. माझं वय ४१. मी आणि माझे मिस्टर दोघंही पुण्यात नोकरी करतो. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. गेल्या वर्षी हंगामाच्या सणाला आम्ही गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेलो होतो. तिथल्या एका विधवा बाईंच्या मुलीला जीएनएम नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण फीची सोय नव्हती. पाळकसाहेबांनी उपासनेत आवाहन केलं आणि ह्यांनी उभं राहून सांगितलं, दरमहा दोन हजार, तिन्ही वर्षं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतताना एसटीत बसून आम्ही हिशेब केला, जमेल असंच वाटलं. नोव्हेंबर ते मार्च पैसे पाठवले. एप्रिलमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा थांबलो. जूनमध्ये गाडी घेतली, मुलाचा अकरावीचा क्लास लागला आणि ते राहूनच गेलं. आता डिसेंबर आला. खजिनदारकाकांचे दोन फोन मी उचलले नाहीत. ती मुलगी पैशाबद्दल अवाक्षर काढत नाही, फक्त परीक्षेचे मार्क कळवते. मी उत्तर देत नाही. हे म्हणतात, आपण इथे उत्पन्नाचा दहावा भाग, दशांश, देतोच. शिवाय उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये असं प्रभूच म्हणाला, मग हिशेब मागणारे हे कोण? आई नाताळला बोलावते आहे. वाटतं, जाऊच नये. नाहीतर अठरा हजारांचं पाकीट गुपचूप दानपेटीत टाकून विषय संपवावा. काय करू?"

अगं, मावशी म्हणालीस म्हणून सरळ तुला अगं-तुगं करते. नाताळला जा. पण पाकीट घेऊन जाऊ नकोस, आणि जाण्याआधी एक फोन कर.

मी खेड्यातल्या पाळकाची मुलगी. दादांना पगाराचा थोडा भाग रोख मिळायचा, बाकीचा मंडळीनं धान्यात द्यायचा असं ठरलेलं होतं. सुगी झाली की सणाच्या दिवशी एकेक जण उभा राहून बोलायचा. कुणी दोन पायल्या बाजरी, कुणी पायलीभर हुलगे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्या घटकेला सगळ्यांचा जीव खरंच मोठा झालेला असायचा. मग कुणाच्या घरी लग्न निघायचं, कुणाचा बैल बसायचा, आणि बोललेली बाजरी यायची नाही. आम्ही हुलग्याचं माडगं पिऊन दिवस काढले, त्याचं मला आजही काही वाटत नाही. पण जिनं बाजरी बोललेली असायची ती बाई विहिरीवर माझ्या आईला बघून वाट बदलायची. रविवारी दाराशी बसायची. पुढे यायचीच बंद व्हायची. आई दादांना म्हणायची, "बाजरी नाही आली तर नाही, पण माणूस का जावं?"

एका वर्षी एक बाई पदरात अधोलीभर बाजरी घेऊन आली. दारातच म्हणाली, "बाई, मी दोन पायल्या बोलले होते. यंदा एवढीच आहे. बाकीची पुढच्या सुगीला आणते." आईनं तिला आत बसवलं, चहा दिला. पुढच्या सुगीला तिनं बाकीची आणली की नाही, मला आठवत नाही. ती आमच्या घरी येत-जात राहिली, हे चांगलं आठवतं.

तुझं पत्र वाचल्यावर मला आधी आठवली ती विहिरीवर वाट बदलणारी बाई, आणि लगेच ही अधोलीवाली. तू सध्या पहिलीसारखी वागते आहेस. दुसरीसारखं व्हायला तुला अठरा हजार लागत नाहीत.

बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र काढ आणि आठवा व नववा अध्याय एका बैठकीत वाच. आपण त्यातलं "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" एवढंच वाक्य भिंतीवर लावतो आणि ते कुणाला लिहिलं होतं ते विसरतो. ते लिहिणारा प्रेषित पौल यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करत होता. करिंथ म्हणजे मोठं व्यापारी शहर, अखया प्रांताची राजधानी. तिथली मंडळी आधीच हो म्हणून मोकळी झाली होती. पौलानं त्यांचं कौतुक उत्तरेकडच्या मासेदोनिया प्रांतात जाऊन सांगितलं. ते ऐकून तिथल्या पुष्कळांना उमेद आली, आणि स्वतः कंगाल असलेल्या त्या लोकांनी ऐपतीबाहेर जाऊन दिलं. इकडे करिंथचं वर्ष उलटलं तरी काम अर्धंच! म्हणजे ही तुझीच गोष्ट आहे. तिथेही सुरुवात खरी होती आणि पुढे राहून गेलं होतं.

पौलानं त्यांना शाप दिला नाही. गेल्या वर्षी ज्या उत्सुकतेनं सुरू केलंत तिला साजेसं ते आता पुरं करा, आणि तुमच्याजवळ जे आहे त्यातून करा, एवढंच म्हणाला. नसलेल्यातून देव मागत नाही, हेही त्यानं तिथेच स्पष्ट लिहिलं. मग आपला सहकारी तीत याला आणि त्याच्याबरोबर आणखी दोन भावांना पुढे पाठवलं. मी मासेदोनियाच्या लोकांना घेऊन आलो आणि तुमची तयारी नसली, तर माझी आणि तुमचीही मान खाली जाईल, हे लिहायला तो लाजला नाही. तुमच्या खजिनदारकाकांचे फोन मला तीताच्या त्या फेरीसारखे वाटतात. त्यांनाही कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं. कॉलेजची फी भरायची तारीख काही थांबत नाही.

आणि त्या गोष्टीचा शेवट पुलपिटावरून फारसा कुणी सांगत नाही. तो दुसऱ्याच पत्रात आहे, रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात, सव्विसाव्या वचनात: मासेदोनिया आणि अखया यांनी ती वर्गणी आनंदानं दिली. अखया म्हणजे हेच करिंथकर. उशिरा का होईना, दिलीच.

आता तुझ्या मिस्टरांचं म्हणणं. डाव्या हाताचं वचन दिखाव्याविरुद्ध आहे. भर उपासनेत उभं राहून आकडा सांगितल्यावर त्या वचनाचा आडोसा घेता येत नाही. पौलानंही पैसे नेताना मुद्दाम जास्तीची माणसं सोबत घेतली, प्रभूसमोरच नाही तर माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा म्हणून. हिशेब विचारणं हा अपमान नाही. दशांशाचं म्हणशील, तर तो पुण्याच्या मंडळीचा. इथल्या दशांशानं तिथला शब्द फिटत नाही.

टाळ्यांच्या भरात हात वर झाला आणि दुसऱ्याच दिवशी पस्तावलात, असं असतं तर मी वेगळं बोलले असते. प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, देणं भाग पडतं म्हणून नव्हे, असं शास्त्रच म्हणतं, आणि गर्दीत काढून घेतलेला शब्द मला मुळीच आवडत नाही. पण तुम्ही दोघांनी एसटीत बसून हिशेब केलात, पाच महिने दिलेत. ते मनात ठरवलेलंच होतं.

एक भीती तुझ्या मनात असणार, कारण ती आपल्या सगळ्यांना लहानपणापासून घातलेली असते: अनन्या आणि सप्पीरा, प्रेषितांच्या कृत्यांतलं ते जोडपं, शेताच्या पैशांबद्दल खोटं बोलून जागीच मेलेलं. देणगी कमी पडली की हा अध्याय काढून लोकांना घाबरवतात, त्याचा मला राग येतो. तिथले प्रेषित पेत्राचे शब्द नीट वाच. शेत होतं तोवर तुझंच होतं, विकल्यावरही पैसे तुझ्याच स्वाधीन होते, असं तो अनन्याला म्हणतो. कमी आणलं म्हणून त्याला कुणी दोष दिला नाही. थोडं ठेवून घेऊन सगळंच आणल्याचा आव आणला, ते खोटं त्याला भोवलं. तुझ्या पाकिटाची मला काळजी वाटते ती यामुळेच. गुपचूप टाकलेल्या अठरा हजारांमुळे नऊ महिने झालेच नाहीत असं दाखवता येईल, पण त्या नऊ महिन्यांत फी कुणी भरली हे तुला कधी कळणार नाही. कदाचित तिच्या आईनं व्याजानं पैसे उचलले असतील. कदाचित खजिनदारकाकांनी स्वतःच्या खिशातून घातले असतील. ते पैसे दानपेटीत नाही, ज्याचे त्याला परत गेले पाहिजेत.

सासूबाईंच्या गुडघ्याचं मनाला लावून घेऊ नकोस. आईबापांना लागणारं "कुर्बान" म्हणून देवाच्या नावानं बाजूला काढणाऱ्यांवर प्रभू किती संतापला, ते मार्काच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात आहे. एप्रिलमध्ये थांबणं योग्यच होतं, फक्त सांगून थांबायला हवं होतं. जूनची गोष्ट वेगळी. गाडी घेणं पाप नाही, पण गाडीचा हप्ता बसवताना हा हप्ता कागदावर कुठेच नव्हता, हे तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे. गाडीचा हप्ता चुकला तर बँक गप्प बसत नाही. ती मुलगी गप्प बसली.

तर असं कर. आज रात्री मिस्टरांशी बोल. शब्द त्यांनी दिला होता, तेव्हा फोनही त्यांनीच करावा, तू शेजारी बस. या रविवारच्या आत. काकांना म्हणावं, "आमच्याकडून नऊ महिने गेले नाहीत. ऑपरेशनचं कारण खरं आहे, त्यापुढचं आमचं दुर्लक्ष आहे. मधली फी कशी भरली?" एवढं बोलून ऐकून घ्यावं. ते रागावले तर रागावू देत.

मग आकडा. छत्तीस महिन्यांचे ७२,००० होतात, त्यातले १०,००० गेले. थकलेले १८,००० आणि पुढच्या बावीस महिन्यांचे ४४,००० राहिले. दरमहा तीन हजार झेपत असतील तर अठरा महिन्यांत मागचं फिटेल, नंतरचे चार महिने पुन्हा दोन-दोन हजार. पण कुणी उसने घेऊन फी भरली असेल, तर त्याचं आधी द्या, मग त्यासाठी एखादा दागिना मोडावा लागला तरी. आणि खरोखरच बाराशेच झेपत असतील तर बाराशे सांगा, पण आत्ताच सांगा, म्हणजे उरलेल्या आठशेंची सोय मंडळीला वेळेवर करता येईल. पगाराच्या दिवशीच बँकेतून आपोआप जातील असं करून टाका. आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवा, असं पौलानं करिंथकरांना आधीच्या पत्रात सांगितलं होतं. महिनाअखेरीला शिल्लक राहील त्यातून देऊ म्हटलं तर शिल्लक राहत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

आता त्या मुलीचं. तिच्यापुढे माफीचं लांबलचक पुराण लावू नकोस. तुझ्या मनावरचं ओझं उतरवायचं काम तिचं नाही, आणि "ताई, असू द्या" म्हणण्याची पाळी तिच्यावर यायला नको. पण हे पत्र वाचून होताच तिच्या मेसेजला उत्तर दे. मार्कांबद्दल शाबासकी दे, कोणता विषय जड जातो ते विचार. ती निकाल पाठवत राहिली, ते पैशाची आठवण करून द्यायला म्हणून पाठवले असं मला वाटत नाही. आपल्यासाठी कुणीतरी उभं राहिलं होतं, त्या माणसाला कळवावं, एवढंच तिच्या मनात असावं.

नाताळच्या उपासनेला आईशेजारी, तुझ्या नेहमीच्या जागी बस. मला पुन्हा लिहिशील तेव्हा फोनवर काका काय म्हणाले ते कळव, आणि तिला ॲनाटॉमीत किती मार्क पडले तेही.