वर्गातल्या तासाचं पॉडकास्ट (पोरांनी नंतर ऐकायचं रेकॉर्डिंग) लावताना
मॅडम, रेकॉर्डिंग वेळापत्रकाला जोडूनच टाका. तासाला आपोआप सुरू, आपोआप बंद. शिकवण्याच्या नादात बटण दाबायचं राहतंच.

खरा जीव आवाजात ओता. कॉलर माईकच घ्या, टेबलावरच्या माईकमध्ये उन्हाळ्यात नुसती पंख्याची घरघर येते. मोनो (एकाच चॅनेलची) एमपीथ्री, ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) ठेवलं तर ५० मिनिटांचा तास साधारण २४ एमबीत बसतो. आपल्या बीडकडची कितीतरी पोरं दिवाळीच्या सुमारास आईबापासोबत ऊसतोडीला जातात. फडावर रेंज जेमतेम. तिथं एवढीच फाईल उतरते, व्हिडिओ नाही. म्हणून फळ्यावरचं समीकरण तोंडानंही म्हणा, ‘हे बघा’ म्हणून भागत नाही.

फाईल फीडवर (पोरं जिथून ती उतरवतात त्या यादीवर) मात्र दुसऱ्या दिवशी जाऊ द्या. प्रश्न विचारताना एखादी पोरगी घरचं काही बोलून गेली असेल, तर तेवढं कापता येतं.