एकच ‘समजा’

अनेक आशीर्वाद.

कथा पोचली, वाचली. भाषेबद्दल काही बोलत नाही, वाक्यं धडधाकट आहेत तुझी. पण इ. स. २४५० मधली तुझी माणसं प्रकाशापेक्षा वेगानं फिरतात, एकमेकांच्या मनातलं वाचतात आणि वर मेलेल्यांना उठवूनही बसवतात. एवढं सगळं जमत असेल तर नायिकेचं अडतं कुठे? तिला भाऊ परत हवाय, तर उठवून घ्यावा की! हा प्रश्न तिसऱ्या पानावर मनात येतो, आणि पुढची सगळी पानं वाचक नुसती भिडेखातर उलटतो.

विज्ञानकथेत ‘समजा’ एकच घ्यावं. ते कितीही अचाट असो, वाचक तेवढं उधार देतो. दुसरं मागितलंस की तो वही काढून बसतो. ते एक सोडलं तर बाकीचं जग आहे तसं ठेवायचं, त्याच्या नियमांसकट आणि वीजबिलांसकट. मग शोधायचं की या ‘समजा’चा फटका कुणाला बसतो. शोध लावणाऱ्याला तो बहुधा बसत नाही, आणि आपल्याकडच्या निम्म्या कथा मात्र त्याच्याच प्रयोगशाळेत अडकून पडलेल्या असतात.

तू जुन्नर तालुक्यातली, आणि कथा देवयानी दीर्घिकेत घडते. माझी त्याला हरकत नाही. पण तुमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडे, त्या जीएमआरटीकडे, एकदा कथाकाराच्या नजरेनं बघ. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत, चक्क शेतांच्या मधोमध. दूरवरून येणाऱ्या रेडिओलहरी इतक्या क्षीण असतात, की चंद्रावर कुणी एक मोबाइल चालू ठेवून आला, तर तो आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओस्रोतांमध्ये मोजावा लागेल. आता समजा, तिथे परक्या कुणाचा संदेश येतोय अशी शंका आली. खात्री करायची तर आसपासच्या गावांतली मोबाइलसेवा महिनाभर बंद ठेवायला हवी. कलेक्टरचा आदेश निघतो. आणि दिवस ऐन टोमॅटोच्या हंगामाचे.

नारायणगावच्या बाजाराला फोन नसेल तर काय होईल हे तू मला सांगशील, मी तुला नाही. आज तोडा करायचा की उद्या, मजूर किती, गाडी कुणाची, काल क्रेट काय भावानं गेला, हे सगळं फोनवर ठरतं. लाल व्हायला लागलेला माल आदेश संपायची वाट बघत नाही.

पण इथे गृहपाठ लागतो, आणि खरी मजा त्यातच आहे. ही दुर्बीण सगळ्या लहरी ऐकत नाही, तिचे वारंवारतेचे पट्टे ठरलेले आहेत. संदेश ४०० मेगाहर्ट्झवर आला असं लिहिलंस, तर गावानं फोन का बंद करावेत? मोबाइल त्या पट्ट्यात बोलतच नाहीत. ९०० वर ठेवलास तर तिथे मोबाइल आहेत, पण दुर्बीण नाही: तिचा एक पट्टा ५५० ते ८५०, त्यानंतरचा थेट १००० च्या पुढे. मग ८३० वर ठेव. आपल्याकडचे बरेच फोन टॉवरशी ८२४ ते ८४९ मध्ये बोलतात, आणि तो भाग दुर्बिणीच्या पट्ट्यात बसतो. आता बघ, या एका आकड्यानं तुला काय काय दिलं. मोबाइल बंद करायला कारण मिळालं. शिवाय इतकी वर्षं हा संदेश कुणाला दिसला कसा नाही, याचंही उत्तर मिळालं: तिथे जे काही येईल ते फोनचा गोंगाट म्हणून बाजूला टाकलं जात होतं. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, वस्तुस्थितीला धरून बसलं की ती आपणहून कथानक देते. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्यानं खुशाल परीकथा लिहाव्यात, त्याही चांगल्या असतात.

नायक कोण? खगोलशास्त्रज्ञ नको. दुर्बिणीवर कंत्राटी वॉचमन असलेला माणूस घे, घरी दीड एकर टोमॅटो. दिवसभर तो इतरांचे फोन बंद आहेत ना ते बघत फिरतो, आणि त्याच्याच शेतात माल पिकून लोळतोय. त्याला संदेश खरा ठरावा असं वाटतं का? मला माहीत नाही. तुला लिहिता लिहिता कळेल, आणि आधीच कळलं असेल तर कथा बहुधा फसेल.

हा ८३० चा आकडा वॉचमनला ठाऊक असायची गरज नाही, तुला हवी. कथेत तो एखाद्या तक्रारीत एकदा येईल, नाहीतर येणारही नाही. तुझ्या कथेत प्राध्यापक पत्रकाराला चार पानं गुरुत्वाकर्षण समजावतात. ती पानं काढ. दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा मी बरीच वर्षं वाचतोय. हे प्राध्यापक आणि हे पत्रकार मला दर पावसाळ्यात भेटतात, चहासुद्धा तोच असतो.

आता छापण्याबद्दल, थोडक्यात. दिवाळी अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते. जूनपर्यंत कथा गेलेली बरी, गणपतीनंतर पाठवलीस तर संपादकाची इच्छा असूनही जागा नसते. युनिकोडमध्ये टाइप कर, सोबत पीडीएफ जोड, शब्दसंख्या लिही. तीन-चार हजारांत बसव. एका वेळी एकाच अंकाकडे पाठव. दोन अंकांत एकच कथा छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात, आणि संपादक एकमेकांशी बोलतात. महिना-दीड महिन्यानं एक साधी विचारणा करायला हरकत नाही.

मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेकडेही लक्ष ठेव. १९७४ साली तिथे ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते जयंत विष्णू नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी हे नाव घेतलं होतं, परीक्षकांनी नावाकडे न बघता कथा जोखावी म्हणून. त्यांना ज्यासाठी एवढी खटपट करावी लागली, ते तुला फुकट मिळालंय: तुला कुणी ओळखत नाही. निदान पहिल्या दोन-तीन कथांपर्यंत त्याचा फायदा घे.

मानधनाचं आधी विचार, लाजू नकोस. कधी ते नाममात्र असतं, कधी नसतंच, पण विचारलेलं असलं की निदान अंकाची प्रत तरी वेळेवर घरी येते. संग्रहाचे हक्क मात्र स्वतःकडे ठेव, आणि ते पत्रात लिहून पाठव.

नवा खर्डा मला इतक्यात नको. आधी टोमॅटो लावणाऱ्या कुणाला तरी वाचून दाखव. क्रेटच्या भावात किंवा तोड्याच्या दिवसांत तू कुठे चुकलीस ते तो लगेच सांगेल. मेगाहर्ट्झचं मी बघतो.